फियाटच्या इंजिनाचा जीर्णोद्धार

शिल्पशास्त्रावरील आपल्या जुन्या ग्रंथांतून जीर्णोद्धाराचा विचार स्वतंत्रपणें केलेला आढळतो. त्याचें सार थोडक्यांत असें, कीं जीर्ण झालेली वास्तु सुधारतांना ती मूळ ज्या द्रव्याची असेल त्याच द्रव्यानें आणि मूळ ज्या मापाची असेल त्याच मापानें सुधारावी. सुधारणाऱ्यानें आपली हौस तींत मिसळूं नये. हा नियम देवळांना व वाड्यांना लागू आहे हें सर्वांस मान्य होईल. परंतु मोटारीच्या इंजिनासहि तो तंतोतंत लागू पडतो असें म्हटल्यास कित्येक वाचकांस तें चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तें तसें कां नाहीं, हें एका उदाहरणावरून दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सांगली हें कृष्णाकांठचें गांव. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत आयर्विन पुलापाशीं नदीचें पाणी ५७ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट धरितात. नदीलगतच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. अशा वेळीं माणसें, गुरें व धान्य यांची चिंता प्रथम. वाहनांकडे पाहावयास सवड कोणास असणार? पाणी ओसरल्यावर अनेक अंगणांत चिखलानें माखलेल्या मोटारी उभ्या दिसल्या. त्यांतच आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी होती. घरच्या दिवंगत वडील माणसानें नंबर लावून व वर्षानुवर्षें वाट पाहून ती घेतली होती. त्या घरच्या तीन मुली तिच्यांत बसून सासरीं गेल्या होत्या आणि आजारी माणसांना मिरजेच्या इस्पितळांत तिनेंच पोंचविलें होतें.

पुरानंतर ती कांहीं वर्षें पडवींत कापड पांघरून पडून राहिली. शेवटीं घरांत प्रश्न निघाला, कीं हिचें करावयाचें काय? थोरल्या बंधूंचें मत, मोडीत द्यावी. धाकट्यांचें मत, जुनें इंजिन काढून एखादें नवें बसवावें. घरांतील वृद्ध आत्या म्हणाल्या, “दादांची गाडी ती, तिचं काळीज काढून दुसरं घातलंत, तर मग उरलं काय तिच्यांत?” आणि यंत्रविद्येची पदविका घेत असलेली नात म्हणाली, “आजोबा, आधीं उघडून तर पाहूं या. मोजल्याशिवाय कसं ठरवायचं?” हें शेवटचें बोलणें सर्वांस पटलें. त्या मोजण्यांतून जें शिकावयास मिळालें, तेंच पुढें सांगावयाचें आहे.

इंजिनाचें घराणें

पद्मिनी म्हणजे मुंबईची जुनी टॅक्सी, एवढीच तिची ओळख पुष्कळांस असते. परंतु तिच्या इंजिनाचें घराणें मोठें आहे. इटलींतील तुरीन शहरीं फियाट कंपनीनें सन १९३७ मध्यें ‘५०८ सी’ नांवाची लहान गाडी काढली. तिच्या रचनेंत दांते जाकोझा या तरुण इंजिनियराचा मुख्य हात होता. तिच्या इंजिनांत चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनाची धांव ७५ मिलिमीटर. घरांतील शाळकरी मुलांनीं हें गणित अवश्य करून पाहावें. त्रिज्येच्या वर्गास पायनें गुणावें, त्यास धांवेनें व नंतर चारानें गुणावें, म्हणजे १०८९ घन सेंटिमीटर हा आंकडा येतो. यावरूनच त्या गाडीस लोक ‘मिल्लेचेंतो’ म्हणजे ‘अकराशें’ असें म्हणूं लागले. आपल्याकडील पद्मिनीच्या इंजिनाचें मापहि हेंच, ६८ आणि ७५.

या साध्या इंजिनाच्या आधारानें इटलींत शर्यतीच्या गाड्या निघाल्या. एंझो फेरारी हे १९३९ सालीं आल्फा रोमिओ कंपनींतून बाहेर पडले. चार वर्षें स्वतःच्या नांवानें शर्यतींत उतरावयाचें नाहीं असें त्यांच्यावर बंधन होतें. म्हणून त्यांनीं दुसऱ्या नांवानें कारखाना काढून १९४० मध्यें ‘८१५’ ही गाडी तयार केली. तिचें आठ सिलिंडरांचें इंजिन याच फियाटच्या सामग्रीवरून उभारलेलें होतें; ओतींव ब्लॉक मात्र नवा केला होता. त्या वर्षींच्या एप्रिलांत ब्रेशा येथील शर्यतींत अशा दोन गाड्या धांवल्या. त्यांपैकीं एक आल्बेर्तो आस्कारी यांच्याकडे होती; हेच पुढें १९५२ व १९५३ सालीं जगज्जेते झाले. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत. परंतु फेरारी यांनीं स्वतंत्रपणें बांधिलेली पहिली गाडी हीच होय.

दुसरें उदाहरण याहून सुंदर आहे. महायुद्धानंतर तुरीनच्या पिएरो दूझिओ यांनीं ‘चिसितालिया’ या नांवानें गाड्या काढल्या. त्यांतील ‘२०२’ या गाडींत याच अकराशें फियाटचें इंजिन सुधारून बसविलें होतें आणि तिचा देह पिनिन फारिना यांनीं घडविला होता. सन १९४७ च्या हजार मैलांच्या शर्यतींत ताझिओ नुव्होलारी यांनीं वयाच्या ५४ व्या वर्षीं उघड्या चिसितालियांत बसून, धो धो पावसांत, आपल्या गाडीहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांशीं टक्कर दिली आणि दुसरा क्रमांक मिळविला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९५१ सालीं आठ मोटारींचें एक प्रदर्शन भरविलें, त्यांत ‘२०२’ होती. पुढें त्या संग्रहालयाच्या कायम संग्रहांतहि तिला स्थान मिळालें. म्हणजे ज्या इंजिनाची एक जात न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत शिल्प म्हणून मांडली आहे, त्याच जातीचें इंजिन आपल्या पडवींत गंजत असतें!

तें आपल्याकडे कसें आलें

सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व मुंबईस कुर्ला येथें कारखाना काढला. प्रथम अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली आणि मागाहून फियाटशीं संबंध जोडला गेला. सन १९५४ पासून ‘फियाट अकराशें’ येथें निघूं लागली. पुढें एकामागून एक नांवें बदलत १९७४ मध्यें ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचें उत्पादन थांबलें आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीहि निवृत्त झाली.

सांगलीकरांस या वृत्तांतांत जवळीक वाटण्याचें आणखी एक कारण आहे. धोंडूमामा साठे यांच्या खटपटीनें येथें १९४७ सालीं निघालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून वालचंदांच्याच नांवानें चालतें. तसेंच लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील उजाड माळावर जी वाडी वसविली, ती आज सांगली जिल्ह्यांतच मोडते. तेथील नांगर व पंप, कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील तेलाचीं इंजिनें, ऊंस व गुऱ्हाळें या सर्वांमुळें या टापूंत ओतकाम, लेथ, बोअरिंग व ग्राइंडिंग जाणणाऱ्या कारागिरांची एक पिढीच्या पिढी तयार झाली. शेतावरच्या इंजिनाचा सिलिंडर ज्या हातांनीं घासला, त्याच हातांकडे फियाटचा ब्लॉक विश्वासानें देतां येतो. मोठ्या शहरांतहि जें सहजीं सांपडत नाहीं, तें आपल्याकडे हांकेच्या अंतरावर आहे.

उघडण्यापूर्वींची परीक्षा

वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं, तसा जाणता मिस्त्री एकदम पाना हातीं घेत नाहीं. इंजिन चालत असेल तर तो प्रथम धूर पाहतो. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि थांबत नसेल तर पाणी आंत शिरत आहे. नंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें पाहतात. एखाद्याचा दाब कमी आला तर त्यांत चमचाभर तेल सोडून पुनः पाहावें. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलानें फट तात्पुरती बुजली. वाढला नाहीं तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. इतकी सोपी युक्ति, पण तिनें निम्में निदान होतें.

पुरांत बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे, आणि ही सूचना नदीकांठच्या प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावी. पाण्यांतून निघालेली गाडी कधींहि किल्ली फिरवून चालूं करूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां पिस्टन जोरानें वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रसंगीं ब्लॉक फुटतो. प्रथम बॅटरीची तार सोडावी, प्लग काढावे, तेल व पेट्रोल ओतून टाकावें, प्रत्येक सिलिंडरांत तेल सोडावें आणि इंजिन हातानें हलकेंच फिरवून पाहावें. आमच्या परिचयाच्या कुटुंबानें किल्ली फिरविली नव्हती, हें त्या गाडीचें भाग्य. परंतु सिलिंडर कोरडे करून तेल सोडण्याचें काम पुराच्या धामधुमींत राहून गेलें होतें, आणि त्याचा परिणाम उघडल्यावर दिसला.

उघडणें आणि मोजणें

इंजिन उघडणें ही क्रिया दिसते तितकी सोपी नाहीं. स्क्रू व नट सर्वांनाच सोडवितां येतात. कोणता कोठला हें ध्यानांत ठेवणें कठीण. बेअरिंगच्या टोप्या, कनेक्टिंग रॉड, पुशरॉड, टॅपेट हे भाग वर्षानुवर्षें आपापल्या जोडीदाराशीं घासून जुळलेले असतात. पहिल्याची टोपी तिसऱ्यास लाविली तर माप एक असूनहि बैठक जुळत नाहीं. म्हणून त्या नातीनें एक वही घातली, पुठ्ठ्यास भोंकें पाडून पुशरॉड क्रमानें खोंचून ठेविले, प्रत्येक टप्प्याचें मोबाइलवर छायाचित्र घेतलें आणि डब्याडब्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. मिस्त्री वयानें सत्तरीच्या घरांतले, प्रथम हंसले, पण आठ दिवसांनीं तेच विचारूं लागले, “ताई, तुमच्या वहींत बघा बरं, हा बोल्ट कुठला?”

उघडल्यावर असें दिसलें, कीं पुराच्या पाण्यानें पिस्टन जेथें थांबले होते तेथें सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचीं कडीं पडलीं होतीं. तीन सिलिंडरांत तीं वरवरचीं होतीं. चौथ्यांत खोल खड्डे होते. आतां खरें मोजण्याचें काम आलें. सिलिंडर बाहेरून गोल दिसला तरी झिजतांना तो गोल राहत नाहीं. वरच्या टोंकास, जेथें स्फोटाचा दाब व उष्णता सर्वांत अधिक आणि जेथें पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, तेथें तेलाचा पापुद्रा पातळ होतो; म्हणून झीज तेथें जास्त. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्यानें पिस्टन एका बाजूस अधिक रेलतो; म्हणून त्या बाजूची झीज निराळी. प्रत्येक सिलिंडर वर, मध्यें व खालीं आणि तेथेंहि उभा-आडवा, असा सहा ठिकाणीं मोजावा लागतो. ही मोजणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची असते. माणसाचा केंस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड धरला, तर येथील सारा विचार केंसाच्या अंशांत चालतो हें ध्यानांत येईल.

झीज मर्यादेबाहेर असेल तर सिलिंडर यंत्रावर किंचित् मोठा कापून त्यांत थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. यास कारखान्यांत ‘बोअर करणें’ म्हणतात. येथें मिस्त्रींनीं जें वाक्य सांगितलें तें या सर्व विद्येचें सूत्र आहे असें आम्हांस वाटतें. ते म्हणाले, “मास्तर, लोखंड काढतां येतं, पण एकदां काढलेलं परत घालतां येत नाहीं.” प्रत्येक बोअरबरोबर ब्लॉकची भिंत पातळ होते. म्हणून कुशल कारागीर सर्वांत मोठ्या मापावर उडी न मारतां, दोष निघून जाण्यास पुरेल इतक्या सर्वांत लहान मापावर थांबतो. पुढच्या पिढीस आणखी एकदां बोअर करतां यावें एवढें लोखंड तो शिल्लक ठेवितो.

चौथ्या सिलिंडरचे खड्डे घालवावयाचे तर चारहि सिलिंडर पुष्कळ मोठे करावे लागले असते, कारण चौघांचें माप सारखें हवें. त्याऐवजीं तीन सिलिंडर फक्त पहिल्या पायरीपर्यंत कापले. चौथा मोठा कापून त्यांत लोखंडी स्लीव्ह दाबून बसविली आणि ती आंतून बाकीच्या तिघांच्या मापास आणली. एका आजाऱ्यासाठीं तीन धडधाकटांचें रक्त काढलें नाहीं, असेंच म्हणावें. आणखी एक सावधगिरी अशी, कीं पिस्टन आधीं आणून मोजावे व मग त्यांच्या प्रत्यक्ष मापावरून बोअर करावा; डब्यावरच्या आंकड्यावर विसंबूं नये.

यानंतर क्रँकशाफ्ट. या इंजिनांत तो तीन मुख्य बेअरिंगांवर फिरतो. बेअरिंगला लोखंड घासत नाहीं. तेलाचा दाबलेला पापुद्रा मध्यें राहतो आणि दांडा त्यावर तरंगत असतो. ही फट कमी पडली तर तेल शिरत नाहीं, जास्त झाली तर तेलाचा दाब टिकत नाहीं. फट मोजण्याची रीति मोठी मौजेची आहे. मेणासारखा एक बारीक धागा दांड्यावर ठेवून टोपी घट्ट बसवितात व पुनः काढतात. चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीशीं ताडून फट किती तें कळतें.

हेड, व्हॉल्व्ह आणि मिरजेची जवारी

ब्लॉक लोखंडाचा, पण त्यावरचें हेड ॲल्युमिनियमचें. पाणी संपून इंजिन एकदां अति तापलें, कीं हें हेड वांकतें. त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी-तिरपी धरून खालीं फीलर घालून पाहावें. पाती शिरली तर हेड घासून सपाट करणें प्राप्त आहे. येथेंहि नियम तोच, पुरेल इतकेंच घासावें.

व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांचें काम मात्र यंत्रापेक्षां हाताचें अधिक. बारीक पेस्ट लावून व्हॉल्व्ह हलकेंच इकडून तिकडे फिरवितात. सभोंवतीं एकसारखें करडें कडें उमटलें म्हणजे बैठक जुळली. तें पाहतांना आम्हांस मिरजेच्या वाद्यकारांची आठवण झाली. तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज हत्यारांना पाणी देणारे शिकलगार होते. १९ व्या शतकांत त्यांनीं तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तंबोऱ्याची जवारी काढतांना घोडीचा पृष्ठभाग ते इतका हलका घासतात, कीं डोळ्यांस फरक दिसत नाहीं, कानास मात्र कळतो. अधिक घासलें तर घोडी वायां जाते. व्हॉल्व्हच्या बैठकीचेंहि तसेंच. लोखंडाचें काम रांगडें व लाकडाचें नाजूक, ही समजूत वरवरची आहे.

या ठिकाणीं काळाच्या फरकाचाहि विचार करावा लागतो. पूर्वींच्या पेट्रोलांत शिसें असे. त्यानें व्हॉल्व्हच्या बैठकीचें रक्षण होई. सन २००० पासून आपल्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें, आणि तें योग्यच झालें, कारण तें मुलांच्या मेंदूस अपायकारक होतें. म्हणून आतां बैठकी कठीण धातूच्या बसविणें बरें. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आपल्याच शिवारांतील उसापासून तें बनतें ही समाधानाची गोष्ट. परंतु जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा त्यानें फुगतात आणि तें ओलावा शोषून घेतें. तेव्हां नळ्या व पडदा नव्या जातीचे घालावे, कार्बोरेटरचें जेट तपासून घ्यावें आणि गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवूं नये. मूळ रूप जपणें म्हणजे डोळे मिटणें नव्हे. जेथें बाहेरची परिस्थिति बदलली, तेथें न दिसणारा व पुनः काढतां येण्याजोगा बदल करण्यास हरकत नाहीं.

जुळणी

जुळणीच्या दिवशीं घाई करूं नये. प्रत्येक भाग धुवून, वाऱ्यानें फुंकून, तेल लावून बसवावा. रिंगांच्या फटी एका रेषेंत येऊं देऊं नयेत. टायमिंग चेनच्या खुणा जुळवाव्या. हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेंच आवळावे. नुसत्या हाताच्या अदमासावर विसंबूं नये. व्हॉल्व्हची फट फीलरनें लावावी. प्लगच्या तारा १-३-४-२ या क्रमानें जोडाव्या. पहिल्यांदां चालूं करण्यापूर्वीं प्लग न लावतांच इंजिन फिरवून तेलाचा दाब आलेला पाहावा. चालूं झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी हळूं, ओझें न घालतां चालवावी आणि तेल लौकर बदलावें. नव्या रिंगांस नव्या भिंतीशीं जुळण्यास जो अवधि लागतो, तो त्यांना दिलाच पाहिजे.

त्या कुटुंबाचें काम या रीतीनें सात महिने चाललें. इंजिन पहिल्यांदां सुरू झालें तेव्हां मोडीत घाला म्हणणारे थोरले बंधूच सर्वांत पुढें उभे होते.

नवें इंजिन घालण्याचा मोह

धाकट्या बंधूंनीं सुचविलेला मार्ग पुष्कळ लोक पत्करतात. दुसऱ्या गाडीचें इंजिन आणून बसविलें, कीं वेग वाढतो, खर्चहि कित्येकदां कमी येतो. रोजच्या उपयोगासाठीं गाडी ठेवणाऱ्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं; मात्र नोंदणीच्या पुस्तकांत इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो, म्हणून परिवहन कार्यालयाची अनुज्ञा घेतल्यावांचून असा बदल करूं नये. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सन २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या व इंजिन, सांगाडा किंवा देह यांत मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. १९७४ सालची पद्मिनी आतां त्या वयास पोंचली आहे. इंजिन बदललें तर हा मान बहुधा कायमचा जातो.

परंतु कायद्याहून मोठें कारण दुसरें आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. त्या पंडितांपुढें शेंकडों हस्तलिखितें होतीं. एखादें स्थळ क्लिष्ट वाटलें म्हणून त्यांनीं पदरचा सुंदर शब्द घातला नाहीं. जो पाठ पुराव्यानें टिकतो तोच ठेविला आणि बाकीचे तळटीपेंत नोंदले. जुन्या यंत्राचा उद्धार करणाऱ्याचें व्रतहि असेंच असावें. जाकोझा यांनीं जें आंखलें, कुर्ल्याच्या कामगारांनीं जें घडविलें, तें पुनः वाचतां येईल असें करावें आणि आपण काय बदललें तें वहींत प्रामाणिकपणें लिहून ठेवावें. त्या नातीची वही ही त्या इंजिनाची तळटीपच होय.

सर्वच गाड्या अशा वांचवाव्या असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. सांगाडा गंजून पोखरला असेल, ब्लॉकला मोठी भेग गेली असेल, किंवा हा खर्च मुलांच्या शिक्षणांतून काढावा लागत असेल, तर गाडी सोडून द्यावी. पण मोडीवाल्याच्या घणाखालीं देण्यापूर्वीं तिचा क्रँक, हेड, कार्बोरेटर यांपैकीं जें चांगलें असेल तें दुसऱ्या एखाद्या गाडीस द्यावें. मरणोत्तर नेत्रदान आपण पुण्य मानतों; हेंहि त्याच जातीचें आहे.

विलंब कां नको

याविषयीं आतां लिहिण्याचें कारण एवढेंच, कीं वेळ थोडा आहे. मुंबईंत टॅक्सी चालत होत्या तोंवर त्यांच्यासाठीं पिस्टन, रिंगा व बेअरिंगें बाजारांत खपत होतीं. टॅक्सी गेल्या, तसा त्या व्यापाराचा मोठा आधार गेला. आणि ज्यांना या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतां येतो, ते मिस्त्री साठी-सत्तरींत आहेत. त्यांचें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत पुरतें उतरलेलें नाहीं. तें बोटांत आणि कानांत आहे. त्यांचीं स्वतःचीं मुलें बहुधा दुसऱ्या उद्योगांत गेलीं आहेत.

आपल्या घरांतून मुलगा किंवा मुलगी यंत्रविद्या शिकत असेल, तर सुटींतील एक महिना तिला अशा मिस्त्रीच्या हाताखालीं बसूं द्यावें. हात काळे होतील, त्याची खंत करूं नये. पुस्तकांतील सूत्र आणि बोटांतील माप यांची गांठ तेथेंच पडते. आणि ज्यांच्या पडवींत जुनी फियाट उभी आहे, त्यांनीं ती विकण्याचा वा टाकण्याचा निश्चय करण्यापूर्वीं एक दिवस खर्च करून प्लग काढावे, दाब मोजावा, जाणत्यास बोलावून आंकडे कागदावर घ्यावे. मग राखावयाची कीं सोडावयाची हें घरानें एकत्र बसून ठरवावें.